कै. ताराबाई मोडक

जे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत शाळेने चालत जावे, हे ज्यांनी स्वतः आचरून दाखविले, त्या ताराबाईंचे चरित्र खेड्यांतील शिक्षकबंधूंनी मनन करण्याजोगे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस राहिल्या. पुढे संसार दुभंगला. तरी त्या खचल्या नाहीत. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे कार्य केले व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला.

परंतु त्या पद्धतीची लाकडी साधने महाग असत; ती गरिबांच्या मुलांस कोठून मिळावीत? ही खंत घेऊन ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले तीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांस दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथील मुलांस गुरे राखावी लागत व धाकटी भावंडे सांभाळावी लागत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभारली; आणि गुराख्यांसाठी चराऊ रानातच कुरणशाळा भरविली. खडे, शिंपले, बिया व पाने हीच तेथील साधने झाली. जे मुलाच्या नित्य परिचयाचे, त्यावरूनच त्यास गणती व ओळख शिकविली जाई. त्यामुळे शाळा त्यास परकी वाटेनाशी झाली.

१९६२ साली सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यांनी वापरलेला अंगणवाडी हा शब्द आज देशभर प्रचलित आहे.

वाचकहो, आसेगावासारख्या गावी सरकी, तुरीचे दाणे व पळसाची पाने यांस तोटा नाही. पाटी नाही म्हणून कोणाचे मूल मागे राहू नये. गैरहजर मुलाचे नाव पटावरून खोडण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्याच्या अंगणात जाऊन यावे.