विश्लेषण : १९५९ची ‘कॅडिलॅक’ नेमकी कुणाची? मोटारींना ‘साला’चे महत्त्व देणारे हार्ले अर्ल

जुन्या अमेरिकी आलिशान मोटारींचे चाहते गाडीच्या नावाआधी तिचे साल सांगतात. कंपनी तीच, पण १९४८ची किंवा १९५९ची ‘कॅडिलॅक’ म्हटले की डोळे चमकतात. मधल्या एखाद्या वर्षाची गाडी मात्र कुणाला आठवत नाही. सालाला ही किंमत आणण्यात सर्वांत मोठा वाटा जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांचा. गंमत अशी, की त्यांच्या नावावर सर्रास खपणारी १९५९ची गाडी त्यांच्या मनाविरुद्ध आकाराला आली.

अर्ल कोण होते?

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी हॉलिवूडमध्ये झाला. वडील घोडागाड्या बांधत, पुढे मोटारींच्या बॉडी बनवू लागले. तरुण हार्ले सिनेतारकांसाठी खास गाड्या सजवून देत. त्या काळी नव्या गाडीचा नमुना लाकडात किंवा ठोकलेल्या पत्र्यात करत. अर्ल तो मातीत घडवत. त्यामुळे बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत गाडी सलग, एकसंध दिसे. कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी हे पाहिले आणि त्यांना डेट्रॉइटला बोलावले. १९२७ची ‘लासाल’ त्यातून जन्मली. युरोपातील ‘हिस्पानो-सुइझा’ची छाप तिच्यावर उघड दिसते. पण ती खपली, आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी अर्ल यांच्या हाती नवा ‘आर्ट अँड कलर’ विभाग दिला.

दरवर्षी नवे रूप कशासाठी?

हिशेब सरळ होता. गाडी दहा वर्षे टिकली, तर ग्राहक दहा वर्षे फिरकणार नाही. मग इंजिन ठणठणीत असतानाच गाडी जुनाट वाटायला हवी. म्हणून दर शरद ऋतूत पुढच्या सालाचे मॉडेल येई : नवी जाळी, नवे दिवे, थोडे अधिक क्रोम. सुरुवात मात्र ठेचकाळतच झाली. १९२९च्या ‘ब्युइक’चे आकारमान कारखान्यात बदलले गेले, कडा फुगल्या आणि लोकांनी तिला ‘गर्भार ब्युइक’ म्हणून हिणवले. अर्ल हा धडा विसरले नाहीत. पुढे त्यांच्या विभागाचा शब्द कंपनीत इतका चालू लागला, की १९४०मध्ये ते उपाध्यक्ष झाले. सहा फुटांहून उंच या माणसाला गाडी मात्र लांब आणि बुटकी हवी असे. १९३८ची ‘ब्युइक वाय-जॉब’ ही केवळ कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली गाडी ते स्वतः रोज चालवत. झाकले जाणारे हेडलाइट आणि विजेवर चालणाऱ्या काचा तिच्यात होत्या.

पंख कुठून आले?

विमानतळावरून! युद्धाच्या सुमारास अर्ल यांनी सहकाऱ्यांना ‘पी-३८’ हे दुहेरी शेपटाचे लढाऊ विमान दाखवायला नेले. १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर त्याचेच छोटे पंख उगवले. पुढच्याच वर्षी नवे व्ही-८ इंजिन आले. म्हणून अनेक जाणकार १९४९ची गाडी वरचढ मानतात. रूप आणि दम दोन्ही हवे असेल तर त्यांचे बरोबरच आहे. १९५३ची ‘एल्डोराडो’ अवघी ५३२ निघाली. तिची किंमत होती ७,७५० डॉलर.

आणि १९५९?

१९५६मध्ये अर्ल युरोपात होते. तेव्हा त्यांच्या एका तरुण डिझायनरने क्रायस्लरच्या आवारात १९५७ची नवी मॉडेल्स पाहिली : सडपातळ, उंच पंखांची, हलकी. इकडे अर्ल यांच्या १९५९च्या योजनेत जाड कडा आणि क्रोमचा भडिमार होता. बिल मिचेल यांच्या पुढाकाराने मंडळींनी ती योजना बाजूला सारून नवे काम सुरू केले. परतलेल्या अर्ल यांना हे बंडच वाटले असणार. पण अखेर त्यांनी ते मान्य केले. इतके उंच पंख कॅडिलॅकला आधी नव्हते, नंतरही नाहीत.

गाडी १९५८च्या शरदात शोरूममध्ये आली आणि वर्षअखेरीस अर्ल निवृत्त झाले. पंख १९६०पासून खुजे होत गेले, १९६५च्या मॉडेलला ते उरलेच नाहीत. १० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडात अर्ल यांचे निधन झाले, तेव्हा १९५९ची कॅडिलॅक ही फक्त दहा वर्षांची जुनी गाडी होती.