डॉ. रखमाबाई

इ. स. १८८७ च्या मार्च महिन्याची ४ तारीख. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्या दिवशी एका खटल्याचा निकाल व्हावयाचा होता. खटला चोरीचा नव्हता, की मारामारीचाही नव्हता. तरी मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे दीड वर्षापासून त्याच्या चर्चेने भरून जात होती आणि थेट इंग्लंडमध्येही लोक त्याविषयी वाचीत होते. न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की प्रतिवादी स्त्रीने एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी नांदावयास जावे. न गेल्यास तिला सहा महिने कैद भोगावी लागेल. प्रतिवादी स्त्री अवघ्या बावीस वर्षांची होती. आपण नांदावयास जाणार नाही, त्यापेक्षा कैद पत्करू, असा तिने निश्चय जाहीर केला.

या तरुणीचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या आईचे नाव जयंतीबाई व वडिलांचे जनार्दन पांडुरंग. रखमा जेमतेम अडीच वर्षांची असताना वडील वारले. जयंतीबाई त्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. सन १८८३ मध्ये मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी प्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते. त्यांपैकी हे एक. अशा विद्याव्यासंगी माणसाच्या घरात रखमा वाढली.

परंतु विद्येचे वारे घरात खेळत असले तरी रूढीने दार सोडले नव्हते. वयाच्या अकराव्या वर्षी रखमेचे लग्न झाले. नवरामुलगा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्या नात्यातला. त्याने सासऱ्याच्या घरी राहावे, शिकावे व कर्ते व्हावे, असे ठरले होते. रखमेची शाळा मात्र लग्नाबरोबर संपली. त्या काळी हे इतके सहज मानले जाई, की त्याचे कोणाला विशेष वाटलेही नसेल.

पुढे घडले ते उलटेच. ज्याने शिकावे म्हणून घरची मंडळी झटत होती, त्या दादाजींचे मन विद्येत रमेना. ते सासरचे घर सोडून आपल्या मामाकडे जाऊन राहिले. प्रकृतीनेही खालावले व कर्जात सापडले. आणि जिची शाळा सुटली होती, ती रखमा घरी बसून पुस्तकांमागून पुस्तके वाचू लागली. मिशनच्या ग्रंथालयातून ती इंग्रजी पुस्तके आणवी. प्रार्थना समाजाच्या मंडळींचे विचार तिच्या कानी पडत. थोडी मोठी झाल्यावर आर्य महिला समाजाच्या कार्यात ती भाग घेऊ लागली. कोवळ्या वयात मुलीला सासरी धाडणे तिच्या प्रकृतीला घातक आहे, असे सखाराम अर्जुनांचे वैद्य म्हणून मत होते. म्हणून लग्न होऊनही ती आईजवळच राहिली. अशी आठ वर्षे गेली.

सन १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली व नकार येताच न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या वडिलांची मालमत्ता आईने पुढे त्यांच्या नावे केली होती. त्या मालमत्तेवरच दादाजींची व त्यांच्या मामांची नजर आहे, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. तथापि त्यांचा मुख्य मुद्दा याहून खोल होता. ज्या वयात लग्न म्हणजे काय हे कळत नाही, त्या वयात वडीलमाणसांनी लावून दिलेल्या लग्नाने आपण बांधल्या जातो काय, हा तो प्रश्न. तो प्रश्न न्यायालयात उभी राहून विचारणारी हिंदू विवाहित स्त्री तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती.

१८८५ च्या एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचा मृत्यू झाला. खटल्याचा निकाल अजून व्हावयाचा होता. घरात आता आई व मुलगी. अशा वेळी एखादी मुलगी खचून गेली असती. रखमाबाईंनी लेखणी हाती घेतली. त्याच वर्षी जून व सप्टेंबर या महिन्यांत मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रात दोन दीर्घ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखिकेने नाव न देता एक हिंदू स्त्री एवढीच सही केली होती. पहिले पत्र बालविवाहाविषयी होते, दुसरे विधवांवर लादल्या जाणाऱ्या वैधव्याविषयी. बालविवाहाने मुलांचेही नुकसान होते, पण मुलींचे तर शिक्षणच खुंटते, हे तिने स्वतःच्या अनुभवाच्या आधारे मांडले. ही दोन्ही पत्रे वीस वर्षांच्या रखमाबाईंनी लिहिली होती. बालविवाहाविरुद्ध बेहरामजी मलबारी यांच्यासारखे पुरुष सुधारक त्या सुमारास लिहीतच होते. आता जिने ते दुःख भोगले, तीच बोलू लागली.

दुसरे पत्र छापून आल्यावर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पत्नीला नांदावयास पाठविण्याचा दावा ही रीत मूळची इंग्लंडच्या कायद्यातील आहे, हिंदू धर्मशास्त्रातील नव्हे. आणि जी स्त्री नवऱ्याबरोबर कधी राहिलेलीच नाही, तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हवाली करणे क्रूरपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले.

या निकालाने मोठी खळबळ उडाली. लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने त्यावर कडक टीका केली. परकीय सरकारच्या न्यायालयांनी हिंदूंच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, अशी टिळकांच्या पक्षाची भूमिका होती. परकीय सत्तेविषयीचा त्यांचा संशय समजण्यासारखा होता. पण या वादात त्या मुलीचे सुखदुःख बाजूला पडले, हेही खरे. गंमत अशी, की ज्या इंग्लंडच्या कायद्यातून हा दावा इकडे आला, तेथे अशा हुकमाची अवज्ञा करणाराला तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ सालीच रद्द झाली होती. हिंदुस्थानात ती चालूच राहिली.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये वरिष्ठ न्यायाधीशांनी पिन्हे यांचा निकाल फिरवून खटला पुन्हा चालविण्यास सांगितले आणि आरंभी वर्णन केलेला निकाल त्यातून निघाला. त्याच्या अवघ्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या होत्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीला आपल्या विद्येचा उपयोग करण्यास काळाने अवधी दिला नाही. रखमाबाईंचा मार्ग पुढे त्याच दिशेने जावयाचा होता. पण त्या घटकेला त्यांच्यापुढे तुरुंगाचे दार उभे होते.

त्याही स्थितीत त्यांनी आणखी एक पत्र लिहिले. ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एप्रिल १८८७ मध्ये छापले गेले. ते व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. राणीने या प्रसंगी आपल्या हिंदी मुलींसाठी एवढे करावे, की मुलगा वीस वर्षांच्या व मुलगी पंधरा वर्षांच्या आत असताना झालेले लग्न न्यायालयात कायदेशीर धरले जाऊ नये, अशी मागणी त्यात होती. स्वतःच्या सुटकेपुरते मागून त्या थांबल्या नाहीत.

राणीने स्वतः हुकूम काढून हा विवाह मोडला, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण खरी नाही. रखमाबाईंच्या बाजूने अपील दाखल झाले होते. त्याची सुनावणी होण्यापूर्वीच, जुलै १८८८ मध्ये, उभयपक्षी तडजोड झाली. दावेखर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची बजावणी करण्याचा आग्रह सोडला. रखमाबाई तुरुंगातही गेल्या नाहीत व सासरीही गेल्या नाहीत. मात्र चार वर्षांच्या या झगड्यात त्यांनी जे अपशब्द सोसले, त्यांची भरपाई कोणत्याही तडजोडीत नव्हती.

मुंबईच्या कामा रुग्णालयात त्या वेळी डॉ. एडिथ पीची या इंग्रज बाई काम करीत. एडिंबरोच्या विद्यापीठात १८६९ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी धडक मारणाऱ्या सात तरुणींपैकी त्या एक होत्या. दार बंद असणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला व मदत मिळवून दिली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इकडे हिंदुस्थानात १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींसाठी असलेली दहा वर्षांची मर्यादा बारावर आली. त्या कायद्यामागे जी चळवळ झाली, तिला रखमाबाईंच्या खटल्याने मोठा जोर दिला होता.

परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. तेथे वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी सेवा केली. प्लेगच्या भयंकर साथीतही त्या तेथेच होत्या. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रियांना आता एक बाई तपासू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे निवृत्तीपर्यंत त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र परिधान केल्याचे सांगतात. ज्या विवाहाला त्यांनी तरुणपणी न्यायालयात नाकारले, त्याची ही खूण त्यांनी का बाळगली असेल? माणसाच्या मनाचे काही कोपरे चरित्रातून उघडत नाहीत.

निवृत्तीनंतर त्या मुंबईस राहिल्या. पडदापद्धती नाहीशी व्हावी म्हणून त्यांनी उतारवयात पुन्हा लेखणी उचलली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. मे १९५५ मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि त्यात वधूचे किमान वय पंधरा वर्षे ठरले. लंडनच्या वर्तमानपत्रात हाच आकडा मागून रखमाबाईंना तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती. त्या त्या वेळी हयात होत्या. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.