तुसाँ लुव्हेर्त्यूर आणि हैतीच्या माथी मारलेले ऋण

आफ्रिकेतून धरून नेलेल्या माणसांच्या गुलामगिरीबद्दल भरपाई मागण्याची चळवळ गेल्या काही वर्षांत विद्वानांच्या परिषदांतून बाहेर पडून राष्ट्रांच्या दरबारात येऊन उभी राहिली आहे. कॅरिबियन राष्ट्रसमूहाने २०१३ साली त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि पुढच्याच वर्षी दहा कलमांची मागणी मांडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये घानाची राजधानी आक्रा येथे भरलेल्या परिषदेने जागतिक निधीची कल्पना पुढे केली. आफ्रिकी संघाने २०२५ हे वर्षच या विषयाला वाहिले. यावर युरोपातून येणारे उत्तर ठरीव आहे. मेलेल्यांचे देणे जिवंतांनी का फेडावे, आणि फेडावयाचे म्हटले तरी अशा दुःखाचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा, असे विचारले जाते. हा प्रश्न अगदीच पोकळ आहे असे नाही. परंतु एका देशाच्या बाबतीत ही वही प्रत्यक्ष अस्तित्वात आहे. तीत रकमा आहेत, तारखा आहेत, हप्ते आहेत. तो देश हैती. ती वही कशी उघडली गेली हे समजावून घ्यावयाचे तर तुसाँ लुव्हेर्त्यूर या पुरुषाच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

हैतीला अठराव्या शतकात सँ-दोमँग म्हणत. फ्रान्सची ही सर्वांत श्रीमंत वसाहत. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एवढ्याशा भूमीतून जात असे, असा अंदाज आहे. क्रांतीच्या सुमारास तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते आणि गोरे त्यांच्या दहावा हिस्साही नव्हते. गुलाम इतक्या झपाट्याने मरत की मळे चालते ठेवण्यासाठी आफ्रिकेतून नवी माणसे सतत आणावी लागत.

या वसाहतीत काप शहराजवळच्या ब्रेदा नावाच्या मळ्यावर १७४३ च्या सुमारास तुसाँचा जन्म झाला. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की मळ्यावरची पोरे त्याला काटकी म्हणून चिडवीत. पुढे मात्र घोड्यांची पारख आणि घोडेस्वारी यांत त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. वनौषधींचेही ज्ञान त्याने मिळविले होते. मळ्याचा व्यवस्थापक बायों द लिबेर्ता याने त्याला आपला गाडीवान केले. उसाच्या शेतात चाबकाखाली राबण्याचे भोग त्यामुळे टळले. १७७६ पर्यंत तो गुलामगिरीतून मुक्तही झाला होता.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तुसाँचे पूजक ती बहुधा सांगत नाहीत. १७७९ साली त्याने एक कॉफीचा मळा खंडाने घेतला आणि त्या मळ्याबरोबर १३ गुलामही त्याच्या हाताखाली आले. १९७० च्या दशकात जुन्या दप्तरांतून हे उजेडात आले. तोवर १७९१ च्या उठावापर्यंत तो स्वतः गुलामच होता अशी समजूत रूढ होती. ज्या समाजात मुक्त माणसाच्या प्रतिष्ठेचे एकमेव माप म्हणजे दुसऱ्या माणसाची मालकी, त्या समाजातून तो वर आला होता. आपल्याकडे हबसाणातून विकत आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण ती पद्धतच मोडावयास अंबर निघाला नव्हता. तुसाँचे वेगळेपण असे की पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हाती काही मालमत्ता असताना, तो ती पद्धत मोडणाऱ्यांना जाऊन मिळाला.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर वणवा पेटला. तुसाँने प्रथम बायों द लिबेर्ताच्या कुटुंबाला सुखरूप बाहेर पडण्यास साहाय्य केले आणि मग तो बंडखोरांच्या छावणीत दाखल झाला. आरंभी वैद्य, मग चिटणीस, मग सेनानी अशी त्याची चढण होती. १७९३ साली त्याने स्पेनच्या झेंड्याखाली फ्रान्सशी लढाई केली आणि त्याच वर्षी लुव्हेर्त्यूर, म्हणजे वाट उघडणारा, हे नाव धारण केले. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिसभेने सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. काही महिन्यांतच तो फ्रान्सच्या बाजूस आला. याला कोणी संधिसाधूपणा म्हणतात. स्पेन आणि इंग्लंड ही दोन्ही राज्ये गुलामगिरी राखू पाहत होती आणि फ्रान्सने ती उठविली होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे या आक्षेपात फारसा जीव उरत नाही.

पुढच्या सात वर्षांत त्याने केलेले कर्तृत्व थक्क करणारे आहे. वसाहतीचा मोठा भाग बळकावून बसलेल्या इंग्रजांना १७९८ साली काढता पाय घ्यावा लागला. दक्षिणेत रिगोचा पराभव झाला. १८०१ च्या प्रारंभी बेटाचा स्पॅनिश भागही त्याने घेतला आणि त्याच वर्षी स्वतःची राज्यघटना जाहीर केली. गुलामगिरी कायमची नष्ट झाली आहे असे तीत कलम होते, आणि तुसाँ तहहयात राज्यपाल राहील असेही. साखरेवाचून खजिना नाही आणि खजिन्यावाचून सैन्य नाही, या विवंचनेतून त्याने मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीने पुन्हा मळ्यांवर जुंपले. उत्पन्नाचा वाटा त्यांना मिळे, पण मळा सोडण्याची मुभा नव्हती. याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा त्याचा ठपका ठेवून ज्याला तो पुतण्या मानी त्या मोईझ या सेनापतीला त्याने गोळ्या घालविल्या. आपल्या माणसांचा विश्वास त्याने या धोरणाने गमावला आणि संकटाच्या वेळी त्याची किंमत मोजली, असे माझे मत आहे.

ते संकट १८०२ च्या आरंभी समुद्रावरून आले. नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याच्याबरोबर वीस हजारांवर सैन्य पाठविले. पॅरिसमध्ये शिकत असलेली तुसाँची दोन मुलेही आमिष म्हणून त्या ताफ्यात होती. मुलांना त्याने निवड करण्यास सांगितले. प्लासीद बापाच्या बाजूने राहिला, इझाक फ्रान्सच्या. मे महिन्यात तुसाँने शस्त्र ठेवले. ७ जून रोजी एका फ्रेंच सेनापतीने त्याला बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून घेतले आणि कैद केले. ज्युरा पर्वतातील फोर द झू या थंडगार किल्ल्यात त्याला डांबले. उष्ण कटिबंधात आयुष्य गेलेल्या साठीच्या माणसाच्या जळणाला आणि अन्नालाही तेथे कात्री लागली. आपली चौकशी न्यायासनापुढे व्हावी, एवढीच त्याची नेपोलियनकडे विनंती होती. तिला उत्तर आले नाही. ७ एप्रिल १८०३ रोजी तो कोठडीत मृतावस्थेत आढळला.

दरम्यान, मे १८०२ मध्येच नेपोलियनने गुलामगिरी राखण्याचा कायदा केला होता. ग्वादलूप बेटावर ती पुन्हा लादली गेल्याची वार्ता पोहोचताच सँ-दोमँगमध्ये लढ्याने पेट घेतला. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली, लक्लेरही त्यातच मेला. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरची लढाई झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले.

येथे चरित्र संपते आणि वही उघडते. १७ एप्रिल १८२५ रोजी फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने फर्मान काढले. हैतीने मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्यावेत, फ्रेंच जहाजांवर निम्मीच जकात घ्यावी, मग फ्रान्स स्वातंत्र्य मान्य करील. फर्मान घेऊन आलेल्या दूतामागे १४ युद्धनौका होत्या. अध्यक्ष ब्वाये याने सही केली. १८०३ साली फ्रान्सने लुईझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला ८ कोटी फ्रँकांस विकला होता, त्यावरून या रकमेची कल्पना येईल. ज्या मालमत्तेची ही भरपाई, तिला त्यावर राबणाऱ्या गुलामांवाचून मोल नव्हते. म्हणजे सुटलेल्या माणसांनी आपल्या सुटकेचीच किंमत मोजली. पहिला हप्ता भरण्यास ३ कोटींचे कर्ज फ्रान्समध्येच काढावे लागले आणि दलाली वजा जाता हाती २ कोटी ४० लाखच आले. १८३८ साली एकूण मागणी ९ कोटींवर आली, परंतु कर्जावर कर्ज चढत गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ साली केलेल्या मोजणीनुसार हैतीने एकंदर सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक भरले. संबंधित कर्जांची शेवटची फेड व्हायला १९४७ साल उजाडले.

मळेवाल्यांना भरपाई देण्याची ही रीत हैतीपुरती नव्हती. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड दिले. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश करदात्याने २०१५ पर्यंत फेडले. भरपाईचे तत्त्व तेव्हा कोणाला अव्यवहार्य वाटले नाही.

७ एप्रिल २००३ या तुसाँच्या द्विशताब्दी पुण्यतिथीस हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट परत मागितले. सेंटांपर्यंतचा आकडा पाहून पुष्कळांनी थट्टा केली. पुढच्या फेब्रुवारीत आरिस्तीद यांना देश सोडावा लागला आणि मागणीही मागे पडली. १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला २०० वर्षे झाली तेव्हा, अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैशाचा शब्द त्यांनी काढला नाही.

मला वाटते, हैतीची मागणी दोन भागांत वेगळी करावी. तीन शतकांच्या वेठबिगारीची भरपाई हा एक प्रश्न, आणि तोफा रोखून उकळलेली रक्कम परत करणे हा दुसरा. पहिल्यावर वाद चालू राहील. दुसऱ्यात देणारा ठाऊक आहे, घेणारा ठाऊक आहे, रक्कमही बरीचशी ठाऊक आहे. व्याजाचा दर काय धरावा एवढेच तज्ज्ञांनी ठरवावयाचे आहे. पॅरिसमधून यावर असे म्हटले जाते की हैतीत पैसा सोपवावा असे सरकारच कोठे आहे. २०२१ साली अध्यक्षांची हत्या झाल्यानंतर राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला, हे खरेच आहे. तेव्हा रक्कम एखाद्या मंत्रालयाच्या तिजोरीत न टाकता कॅरिबियन राष्ट्रसमूहाच्या देखरेखीखालील निधीत ठेवावी, आणि शाळा, पाणी, दवाखाने यांवर तिचा खर्च होत राहावा, अशी व्यवस्था होऊ शकते. १८२५ साली हप्ते स्वीकारताना ब्वायेच्या सरकारची पात्रता फ्रान्सने विचारली नव्हती.