पै-पैचा हिशोब ठेवणारे जॉर्ज हॅलस

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपली मुलं मैदानावर खेळतात तो फुटबॉल नव्हे बरं का! तिथला चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा सगळा धसमुसळा मामला. आज या खेळात अफाट पैसा आहे. पण ज्यांनी तो अक्षरशः शून्यातून उभा केला, त्यांत जॉर्ज हॅलस यांचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. आणि सगळ्यात चिक्कू मालक कोण, असं विचारलं तरी जुने खेळाडू हेच नाव घ्यायचे.

हॅलस यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९५ रोजी शिकागोत झाला. आईवडील बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून आलेले. वडील शिवणकाम करत. जॉर्ज यांनी इलिनॉय विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. १९१५ च्या उन्हाळ्यात ते एका कंपनीत काम करत होते. कंपनीची सहल 'ईस्टलँड' नावाच्या बोटीने जायची होती. हॅलस धक्क्यावर उशिरा पोचले, तोवर बोट उलटली होती. ८४४ माणसं गेली. थोडक्यात वाचले म्हणतात ना, तसं झालं.

पुढे थोडं बेसबॉल खेळून पाहिलं, जमलं नाही. १९२० मध्ये डेकेटर गावातल्या स्टेली यांच्या स्टार्च कारखान्याने त्यांना कामावर घेतलं आणि कारखान्याचा फुटबॉल संघही सोपवला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ओहायोतल्या कँटन गावी एका मोटारींच्या दुकानात काही संघांचे लोक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काहीजण मोटारींच्या पायऱ्यांवर बसले. आजच्या एनएफएलचा जन्म त्या दुकानातला! हॅलस तिथे होते.

पुढच्या वर्षी मंदी आली. स्टेली यांनी संघ हॅलस यांच्या हवाली केला आणि वर्षभर कारखान्याचं नाव ठेवण्याच्या अटीवर ५,००० डॉलर दिले. संघ शिकागोला गेला आणि १९२२ पासून 'शिकागो बेअर्स' झाला. आता मालक कोण? हॅलस आणि त्यांचे एक भागीदार. प्रशिक्षक? हॅलस. मैदानात खेळणारा? तेही हॅलस! तिकिटं विकणं, वर्तमानपत्रांना बातम्या पोचवणं, सगळं घरच्या घरी. १९३२ मध्ये तर खेळाडूंना पगाराऐवजी 'नंतर देतो' अशा चिठ्ठ्या द्याव्या लागल्या, आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेताना संघच हातचा जातो की काय अशी वेळ आली. मला वाटतं, त्यांचा तो सुप्रसिद्ध चिकटपणा इथूनच आला असणार. एकदा असे दिवस पाहिलेला माणूस नंतर पैसे आले तरी मूठ सहज उघडत नाही.

खेळातलं त्यांचं डोकं मात्र अफाट. ८ डिसेंबर १९४० रोजी अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने वॉशिंग्टनला ७३-० असं हरवलं. प्रशिक्षक म्हणून सहा अजिंक्यपदं मिळवली.

पण खेळाडूंशी पगारावरून कायम खटके. माईक डिटका हा गुणी खेळाडू त्यांच्या कंजूषपणाची उघड थट्टा करायचा. १९६७ मध्ये हॅलस यांनी त्याला दुसऱ्या संघाकडे धाडून दिलं. डिक बटकस गुडघा कायमचा गमावून बसला. दुखापतीवर नीट उपचार झाले नाहीत म्हणून त्याने १९७४ मध्ये संघावर दावा लावला, आणि तो ६ लाख डॉलरवर मिटला. दोघांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं. आणि याच मालकाने ब्रायन पिकोलो या तरुण खेळाडूला कर्करोग झाला तेव्हा उपचाराचा खर्च उचलला. पिकोलो १९७० मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेला.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगताना गाळावीशी वाटते, पण गाळू नये. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, पण हॅलस त्या काळी लीगमधलं मोठं प्रस्थ होते, तेव्हा जबाबदारीतून त्यांना मोकळं कसं करायचं? बेअर्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला तो १९५२ मध्ये. पुढच्याच वर्षी विली थ्रोअर या कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी संघाची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी खेळवलं, हेही खरं.

याच चिक्कू माणसाने १९५६ मध्ये ग्रीन बे या छोट्या गावात जाऊन, तिथल्या संघासाठी नवं स्टेडियम बांधायला मतं द्या म्हणून भाषण केलं. तो संघ म्हणजे बेअर्सचा कट्टर प्रतिस्पर्धी! १९६१ मध्ये दूरदर्शन प्रक्षेपणाचे पैसे सगळ्या संघांनी सारखे वाटून घ्यायचं ठरलं. शिकागोसारख्या मोठ्या शहराच्या मालकाचा त्यात सरळ तोटा होता, तरी ते तयार झाले. सगळे संघ जगले तरच खेळ जगेल, हा हिशोब त्यांना पक्का कळत होता. स्वतःच्या खेळाडूंच्या पगाराला मात्र तो कधी लागू झाला नाही.

१९८२ मध्ये म्हाताऱ्या हॅलस यांनी प्रशिक्षक म्हणून कोणाला बोलावलं असेल? त्याच डिटकाला! ३१ ऑक्टोबर १९८३ ला हॅलस गेले. जानेवारी १९८६ मध्ये डिटकाच्या संघाने सुपर बोल जिंकला. त्या खेळाडूंच्या बाहीवर हॅलस यांची आद्याक्षरं होती, आणि ती बेअर्सच्या बाहीवर आजही आहेत.