खोप्याचा खरा कारागीर

बीबीच्या आमच्या मळ्यात विहिरीवर वाकलेली एक बाभूळ होती. पावसाळ्यात तिला सुगरणीचे खोपे लोंबायचे. आजी ते सुनांना दाखवून सांगायची, की बाईने संसार असा विणावा. विणणारी बाई नसून बुवा असतो, हे मला फार उशिरा, डॉ. सलीम अलींबद्दल वाचताना कळलं. तोवर आजी गेली होती. नाहीतर वाद नक्की झाला असता!

सलीम अली मुंबईचे, जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. पक्ष्यांचं वेड अफाट, पण विद्यापीठाची पदवी नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. तिथून शिकायला ते बर्लिनला गेले आणि १९३० साली परतले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. तिशी उलटलेला, शिकून आलेला आणि बेकार! खर्च झेपेना म्हणून पत्नी तेहमिनांसह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

घराजवळच सुगरणींची वसाहत होती. दुसरा कुणी नशिबाला बोल लावत बसला असता. अलींनी पावसाळाभर खोपे न्याहाळले. नर गवताच्या पात्या चिरून अर्धा खोपा विणतो. मादी येते, आतबाहेर फिरून पाहते. पसंत पडला तर नर पुढची लांब नळी विणतो आणि मादी अंडी घालते. मग हे महाशय दुसरा खोपा विणून दुसरी मादी बोलावतात! पिलांचा भार मुख्यतः आईवर. आफ्रिकेतल्या खेड्यांत झोपड्यांजवळच्या झाडांवर घरटी टांगणारे याचे भाऊबंदही असेच; तिथेही विणकर नरच.

हे निरीक्षण १९३१ साली प्रसिद्ध झालं आणि बेकार माणसाचं नाव अभ्यासकांत झालं. पुढे पुस्तकं आली, पद्मविभूषण आलं. १९८७ साली ते गेले.

मला मात्र तेहमिनाबाई आठवत राहतात. मिळकत नसताना त्यांनी नवऱ्याला झाडाखालून उठवलं नाही. पुढच्या पक्षी-मोहिमांत रानातल्या तंबूंतही त्या सोबत राहिल्या. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. आजीचं अगदीच चुकलं होतं असं आता म्हणवत नाही.

गेल्या श्रावणात बीबीला गेलो होतो. बाभूळ कधीच तुटली. विहिरीवरून गेलेल्या विजेच्या तारेला दोन खोपे होते. एक पुरा, एक अर्धाच. तो बहुधा कुणाला पसंत पडला नसावा.