फरशीवरचा सेनापती

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. वर धुळीचा थर आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले मातीचे मावळे. एकाचा भाला तुटलेला, एकाचं नाक गेलेलं, तोफ मात्र शाबूत. लहानपणी रावेरच्या आमच्या अंगणात काळ्या मातीचा किल्ला व्हायचा. त्यावर मोहरी पेरायची, ती उगवली की जंगल तयार. मग मी आणि भाऊ दिवाळी संपेपर्यंत मावळ्यांना लढवायचो. दहावीच्या वर्षी खोका माळ्यावर गेला, तो थेट आता निघाला. आई म्हणाली, देऊन टाकू कोणाला तरी. आम्ही दोघंही एकदम नाही म्हणालो आणि पुढचे दोन तास फरशीवर बसून होतो. मी बावीस वर्षांची, भाऊ नोकरी करणारा. शेजारच्या काकू डोकावल्या आणि हसून गेल्या.

काकूंचं हसणं तेव्हा थोडं लागलं. मग मला एका माणसाची गोष्ट सापडली. चाळिशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला हा लेखक घरातल्या जमिनीवर पालथा पडून शिशाचे सैनिक लढवायचा. त्याने या खेळाचे नियम लिहून चक्क पुस्तकही काढलं. त्याचं नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स, म्हणजेच एच. जी. वेल्स. ‘द टाइम मशीन’वाला. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला, त्याच्या बरोब्बर नव्वद वर्षं आधी ‘द इन्व्हिजिबल मॅन’ लिहिणारा.

बोलरचा मुलगा

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमली गावातला. वडील जोसेफ आधी माळीकाम करायचे, नंतर त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. दुकान काही चालायचं नाही. खरी कमाई क्रिकेटमधून. जोसेफ वेल्स केंटकडून खेळायचे आणि १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार विकेट घेतल्या होत्या. आई सारा लग्नाआधी मोठ्या घरात कामाला होती. थोडक्यात, घरात रेकॉर्ड होतं, पैसा नव्हता.

सात-आठ वर्षांचा असताना हर्बर्टचा पाय मोडला आणि तो काही आठवडे अंथरुणाला खिळला. वेळ घालवायला पुस्तकं मिळाली आणि वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. पुढे १८७७ मध्ये वडिलांची मांडी मोडली आणि क्रिकेट बंद झालं. घराचं गणितच कोसळलं.

पण या पोराच्या डोक्यात एक वेगळंच जग चालू होतं. ब्रॉमलीच्या टेकड्यांवरून एकटा फिरताना तो मनातल्या मनात मोठमोठ्या लढाया लढायचा. इथून घोडदळ, तिथून तोफखाना, या वळणावर शत्रूला गाठायचं. लोकांना दिसायचा एक हडकुळा, फाटक्या खिशाचा मुलगा. तो स्वतःला समजायचा सेनापती. हे सगळं त्याने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे.

तेरा तासांची ड्युटी आणि एटीकेटी

चौदाव्या वर्षी हर्बर्टची रवानगी कापड दुकानात झाली. १८८१ ते १८८३ तो साउथसीच्या एका दुकानात उमेदवारी करत होता. रोज तेरा तास काम आणि रात्री इतर पोरांबरोबर एकाच खोलीत झोपायचं. त्याला हे जगणं असह्य झालं. एका रविवारी तो मैलोन्‌मैल चालत आईकडे गेला आणि यातून सोडव म्हणून हट्ट धरून बसला. शेवटी आई मानली. तो एका शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाला आणि १८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. जीवशास्त्र शिकवायला थॉमस हक्सली, डार्विनचे सगळ्यात खंदे पाठीराखे.

इथे आपल्याला वाटेल की झालं, हिरोची एंट्री झाली. तर नाही. पहिल्या वर्षी हक्सलींच्या वर्गात चमकलेला वेल्स पुढे वादविवाद मंडळ, कॉलेजचं मासिक, राजकारण यात रमला आणि १८८७ मध्ये भूशास्त्रात आपटला. डिग्री न घेताच बाहेर पडला. आपल्याकडे याला एटीकेटी म्हणतात, त्याच्याकडे ती सोयही नव्हती. मग वेल्समधल्या एका शाळेत मास्तरकी धरली, तर तिथे फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला जबर मार बसला. तब्येत कायमची नाजूक झाली. तरी पठ्ठ्याने बाहेरून परीक्षा देऊन १८९० मध्ये बी.एस्सी. पूर्ण केलं.

पुढची वर्षं अफाट आहेत. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’, १८९६ मध्ये ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, १८९७ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’, १८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. चार वर्षांत चार पुस्तकं, आणि आजही सिनेमावाले त्यांच्यावरच जगतात. पैसा आला. सँडगेटला समुद्राजवळ त्याने घर बांधलं. पहिलं लग्न मोडलं होतं, दुसऱ्या बायकोपासून म्हणजे जेनपासून १९०१ मध्ये जॉर्ज फिलिप आणि १९०३ मध्ये फ्रँक असे दोन मुलगे झाले. नवरा म्हणून वेल्स काही आदर्श नव्हता, त्याची बाहेरची प्रकरणं बरीच गाजली. पण मुलांसोबत खेळायला बसला की तो पूर्ण त्यांचा असायचा.

जेवणानंतरची एक गोळी

१८९३ मध्ये ब्रिटनमध्ये एक गंमत झाली होती. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक बनवायची पद्धत आणली. पोकळ म्हणजे शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. तोवर श्रीमंतांच्या कपाटात असलेले सैनिक मध्यमवर्गीय मुलांच्या हातात आले. वेल्सच्या घरीही आले. सोबत स्प्रिंगची खेळण्यातली तोफ होती. ती इंचभर लांबीची लाकडी कांडी नेम धरून मारायची.

एके दिवशी जेवायला एक मित्र आला होता. पुस्तकात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, जे. के. जे. हा ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम के. जेरोम असं मानलं जातं. जेवण झाल्यावर त्याने सहज तोफ हातात घेतली आणि टेबलावरच्या एका सैनिकावर नेम धरला. सैनिक आडवा! मग वेल्सची पाळी. मग पुन्हा त्याची. दोन मोठी माणसं एकमेकांना आव्हान देत बसली.

इथेच टेकडीवरचा तो हडकुळा मुलगा परत आला, असं मला वाटतं. वेल्सने मनात विचार केला, नुसता नेमबाजीचा खेळ कशाला? सैनिक पुढे सरकले तर? आडोसा घेतला तर? मग ज्ञानकोशाचे जाड खंड ठेवून टेकड्या झाल्या, मुलांच्या लाकडी ठोकळ्यांची घरं झाली, खडूने नद्या आखल्या. आणि नियम ठरू लागले.

नियम ऐका, आजही खेळता येतील असे आहेत. एका पाळीत पायदळ एक फूट सरकणार, घोडदळ दोन फूट. पाळीला वेळेची मर्यादा, विचार करत बसायचं नाही. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसं असतील तरच तोफ हलणार किंवा उडणार. सुरुवातीला मधोमध पडदा टांगायचा, म्हणजे समोरच्याने सैन्य कुठे लावलं ते कळत नाही. दोन तुकड्या भिडल्या तर एकास एक मरणार, आणि एकटे पडलेले कैद होणार. फासे नाहीत. नेम चुकला तर नशिबाला दोष द्यायची सोय नाही.

असे खेळ अगदी नवे होते असं नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ बापलेकांनी घडवलेला ‘क्रीगश्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होता. त्याही मागे गेलं तर मूळ आपल्याच दारात सापडतं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असा आपला चतुरंग, म्हणजे आजच्या बुद्धिबळाचा आजोबा. वेल्सने केलं ते एवढंच की अधिकाऱ्यांचा रटाळ खेळ घरातल्या जमिनीवर आणला, मुलांच्या हातात दिला आणि मजेदार केला.

१९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ आलं, १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’. दुसऱ्या पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात हा खेळ बारा ते दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे असं म्हटलंय. मुलींना शेवटी जागा मिळाली, तीही फक्त मुलांचे खेळ आवडणाऱ्या जास्त हुशार मुलींना. वेल्ससाहेब, हा मार्क मी कापतेय. पण दीडशे वर्षांची अट मात्र एकदम मान्य.

मग खरं युद्ध आलं

आता तुम्ही विचाराल, युद्धाचा खेळ खेळणारा माणूस युद्धखोर असणार ना? हाच प्रश्न वेल्सलाही पडला असणार, कारण पुस्तकाच्या शेवटी तो याच विषयावर येतो. त्याचं म्हणणं साधं आहे. या खेळात डावपेच आहेत, थरार आहे, पण एकही बाई विधवा होत नाही, एकही गाव जळत नाही. आणि चार डाव खेळलेल्या माणसाला कळतं की शंभर शिशाचे सैनिक सांभाळताना आपण इतक्या चुका करतो, तर लाखो जिवंत माणसांचं युद्ध किती भयंकर गोंधळाचं असेल. ज्यांना लढायची खुमखुमी आहे त्या राजांना आणि सेनापतींना एका खोलीत कोंडून हा खेळ द्यावा, असा त्याचा सूर होता.

पुस्तक आलं १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. १ जुलै १९१६ या एका दिवसात, सोमच्या लढाईत, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक जखमी, बेपत्ता किंवा ठार झाले. त्यातले मेलेलेच एकोणीस हजारांवर. हे सैनिक पुन्हा उभे करून नवा डाव मांडता येणार नव्हता.

वेल्स इथे गडबडला, हेही सांगायला हवं. सुरुवातीला त्याने युद्धाला जोरदार पाठिंबा दिला. हे युद्ध सगळी युद्धं संपवेल असं त्याला मनापासून वाटत होतं आणि त्याने तसं पुस्तकही काढलं. १९१६ मध्ये तो स्वतः आघाडीवर जाऊन आला. त्याच वर्षी त्याने मुलगा गमावणाऱ्या एका बापावर कादंबरी लिहिली. पुढची सगळी वर्षं तो जगाचं एक सरकार, माणसाचे हक्क, सगळ्यांना शिक्षण या गोष्टींसाठी भांडत राहिला. १९४० मध्ये त्याने माणसाच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला १९४८ मध्ये.

आणखी एक गोष्ट अंगावर काटा आणते. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्याने अणुबॉम्ब कल्पनेत बनवला होता, त्याच नावाने. ती कादंबरी लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये वाचली आणि १९३३ मध्ये त्याला अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना म्हातारा, मधुमेहाने थकलेला वेल्स शहर सोडून गेला नाही. हिरोशिमाची बातमी ऐकायला तो जिवंत होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनच्या घरी तो गेला, वय ७९.

खोका पुन्हा उघडतो

‘लिटल वॉर्स’चं काय झालं? इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक काढलं आणि वेल्सचा छंद नव्या पिढीकडे गेला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स असेच छोटे सैनिक लढवायचे. १९७४ मध्ये त्यांनी डेव्ह आर्नेसनसोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. हो, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं पहिल्याच एपिसोडमध्ये खेळतात तोच. २००४ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नव्याने छापलं तेव्हा प्रस्तावना गायगॅक्स यांनीच लिहिली. १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आला आणि आज जगभर लोक ब्रश घेऊन इंचभर उंचीच्या सैनिकांचे डोळे रंगवत बसतात. त्यातले कितीतरी जण शाळेत खेळलेले, नोकरी-लग्नात सुटलेले आणि पुन्हा परतलेले. वेल्सही परतलेलाच होता, फक्त लहानपणी त्याच्याकडे सैनिक नव्हते, नुसती टेकडी होती.

आपल्याला महागडी मॉडेल्स नकोत. बुद्धिबळाची प्यादी, किल्ल्यावरचे मावळे, फूटपट्टी, खडू आणि जाडजूड रेफरन्स बुक्स एवढं पुरे. नकाशा तर शेजारीच आहे. रावेरहून बऱ्हाणपूर किती लांब? त्याच्या पुढे असीरगड, जो घ्यायला अकबराला १६०१ उजाडलं. जमिनीवर मांडून बघा, गड का पडत नव्हता ते चटकन कळतं.

भावाची सुट्टी संपली. जाताना त्याने तुटक्या भाल्याचा मावळा बॅगेत टाकला. तोफ माझ्याकडे आहे. खोका माळ्यावर गेलेला नाही, पलंगाखाली आहे. पुढच्या सुट्टीत पडदा टांगायचा ठरलंय, आणि काकूंनाही बोलावणार आहोत. दीडशेच्या आतल्याच आहेत त्या.