विश्लेषण : सम्राट कॉन्स्टंटाइनमुळे ख्रिस्ती उपासना आणि भविष्यवाण्यांचे अर्थ कसे बदलले?

रोमन सत्तेने इसवी सन ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मीयांचे ग्रंथ जाळले, त्यांची प्रार्थनास्थळे पाडली. त्यानंतर अवघ्या २२ वर्षांनी रोमन सम्राटानेच बिशपांना सरकारी वाहने देऊन नायसिया येथे परिषदेला बोलावले. त्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली. हा सम्राट म्हणजे कॉन्स्टंटाइन. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे त्याने ठरवले, रविवारची उपासना त्याने सुरू केली, असे समाजमाध्यमांवर अनेकदा सांगितले जाते. दोन्ही दावे चुकीचे आहेत. त्याच्या काळात प्रत्यक्षात जे बदलले, ते मात्र याहून खोल होते.

छळ पाहिलेला राजपुत्र…

कॉन्स्टंटाइनचा जन्म सुमारे २७२ मध्ये नायसस येथे, म्हणजे आजच्या सर्बियातील निश शहरात झाला. वडील कॉन्स्टँशियस सैन्यातील अधिकारी, तर आई हेलेना सामान्य घरातली. वडील पुढे साम्राज्याच्या चार सत्ताधीशांपैकी एक झाले. तरुण कॉन्स्टंटाइन मात्र सम्राट डायोक्लेशनच्या दरबारी, आजच्या तुर्कीतील निकोमीडिया येथे राहिला. फेब्रुवारी ३०३ मध्ये तेथील राजवाड्यातून दिसणारे चर्च जमीनदोस्त करण्यात आले आणि मोठा छळ सुरू झाला.

त्या काळातल्या अनेक ख्रिस्ती लोकांच्या मनात रोमविषयी काय होते, हे ‘प्रकटीकरण’ आणि ‘दानीएल’ या पुस्तकांच्या वाचनातून दिसते. दानीएलच्या दृष्टान्तातले चौथे, सर्वांत भयंकर श्वापद म्हणजे रोम, असा अर्थ आयरेनियस आणि हिप्पोलिटस यांनी लावला होता. प्रकटीकरणातली सात टेकड्यांवर बसलेली बाबेल नगरी म्हणजेही रोमच. हे साम्राज्य कोसळेल, ख्रिस्त परत येईल आणि पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, ही छळ सोसणाऱ्यांची आशा होती.

एका पुलावरची लढाई…

वडिलांच्या मृत्यूनंतर ३०६ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे सैन्याने कॉन्स्टंटाइनला सम्राट घोषित केले. रोम मात्र मॅक्सेंटियसच्या हाती होते. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी मिल्वियन पुलाजवळच्या लढाईत मॅक्सेंटियस टायबर नदीत बुडाला. या विजयाचे श्रेय कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती लोकांच्या देवाला दिले. लढाईआधी स्वप्न पडल्याचे लॅक्टँशियस लिहितो. आकाशात क्रूस दिसल्याची प्रसिद्ध कथा सीझेरियाचा बिशप युसेबियस सांगतो, पण सम्राटाच्या चरित्रात. आधी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात त्याने तिचा उल्लेखही केलेला नाही.

पुढच्याच वर्षी कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस यांनी सर्व धर्मांना मोकळीक दिली आणि चर्चची जप्त मालमत्ता परत केली. ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला तो मात्र ३८० मध्ये, थिओडोशियसच्या काळात.

उपासनेत नेमके काय बदलले?

तोवर ख्रिस्ती लोक बहुधा घरांमध्येच जमत. सीरियातील ड्युरा युरोपस येथे उपासनेसाठी फेरबदल केलेले असे एक घर उत्खननात सापडले आहे. कॉन्स्टंटाइनने रोममध्ये मॅक्सेंटियसच्या घोडदळाची छावणी पाडून तिथे लॅटरन बॅसिलिका उभारली. बॅसिलिका म्हणजे रोमन लोकांचे न्यायदानाचे आणि सार्वजनिक कामकाजाचे सभागृह. त्याच्या टोकाच्या अर्धगोलात न्यायाधिकारी बसे. आता तिथे बिशपचे आसन आले. जेवणाच्या मेजाभोवतीच्या मेळाव्याला दरबाराचे रूप येऊ लागले. धर्मगुरूंना नागरी जबाबदाऱ्यांतून सूट मिळाली आणि साहजिकच या पदाची ओढ वाढली.

रविवारी एकत्र येण्याची प्रथा दुसऱ्या शतकातही होती. कॉन्स्टंटाइनने मार्च ३२१ मध्ये त्या दिवशी न्यायालये आणि शहरी कामे बंद ठेवण्याचा आदेश काढला. शेतकऱ्यांना त्यातून वगळले. आदेशात दिवसाचे नाव सूर्याचे आहे, ख्रिस्ताचा उल्लेख नाही. ख्रिस्ती नसलेल्या सैनिकांसाठी त्याने रविवारची जी प्रार्थना ठरवून दिली, तिच्यातही एकाच देवाला आळवले आहे, ख्रिस्ताचे नाव नाही. सूर्याला मानणारे आणि ख्रिस्ताला मानणारे एकाच दिवशी हात जोडतील, अशी ही सोय होती.

लिसिनियसचा पराभव करून ३२४ मध्ये तो एकटा सम्राट झाला. पुढच्याच वर्षी झालेल्या नायसियाच्या परिषदेत पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असे ठरले आणि ते न मानणाऱ्या एरियसला हद्दपार करण्यात आले. ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी साजरा करावा, हेही तिथलेच. पूर्वेकडील काही चर्च तोवर यहुदी वल्हांडणाच्या गणनेवर अवलंबून होती. ती सोडण्याचे आवाहन करणाऱ्या सम्राटाच्या पत्रातील यहुद्यांविषयीची भाषा विखारी आहे. पंचांग वेगळे झाले आणि मनेही.

राजमान्यतेचा चटका ख्रिस्ती लोकांनाही बसला. उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथीयांविरुद्ध याच सम्राटाने बळाचा वापर केला. त्यांच्या दृष्टीने रोम काही बदललेले नव्हते.

भविष्यवाणी उलटी कशी झाली?

युसेबियसने छळ जवळून पाहिला होता. त्याचे गुरू पँफिलस यांना ३१० मध्ये ठार मारण्यात आले होते. अशा माणसाला कॉन्स्टंटाइन देवाने पाठवलेला वाटला, यात केवळ खुशामत शोधणे अन्यायाचे ठरेल. पण त्याने लावलेले अर्थ थक्क करणारे आहेत. सम्राटाने मुलांना आणि पुतण्याला सत्तेत वाटा दिला, तेव्हा परात्पराचे पवित्र जन राज्य मिळवतील हे दानीएलचे भाकीत पूर्ण झाले, असे त्याने मांडले. त्याच पुस्तकातून ज्या साम्राज्याचा अंत वाचला जाई, त्याच्याच वारसाहक्काला आता आधार मिळाला. यरुशलेममध्ये सम्राटाने बांधलेले चर्च हेच कदाचित संदेष्ट्यांनी सांगितलेले नवे यरुशलेम असावे, असेही त्याने सुचवले.

राजवाड्याच्या दारावर कॉन्स्टंटाइनने एक चित्र लावले होते. डोक्यावर क्रूसाचे चिन्ह आणि पायाखाली भोसकलेला अजगर. अजगर म्हणजे हरलेला लिसिनियस. युसेबियसने याला यशयाच्या भाकिताचा आधार जोडला. पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची आशा मात्र त्याला बाळबोध वाटे, आणि प्रकटीकरण हे पुस्तक मान्य ग्रंथांत धरावे की नाही, याबद्दलही तो साशंक होता.

शेवट आणि नंतर…

या पवित्र राज्याच्या धन्याने ३२६ मध्ये थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार करवले. पाठोपाठ पत्नी फॉस्टाचाही बळी गेला. युसेबियसच्या चरित्रात याविषयी एक अक्षर नाही. नायसियाच्या निर्णयासाठी लढणाऱ्या अथेनेशियसला ३३५ मध्ये हद्दपार व्हावे लागले, तर एरियसला सम्राटाने परत बोलावले होते. स्वतः कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो मृत्युशय्येवर, आणि तोही एरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमीडियाच्या बिशपकडून. २२ मे ३३७ रोजी त्याचे निधन झाले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याने आधीच बांधून घेतलेल्या चर्चमध्ये, बारा प्रेषितांच्या स्मृतिचिन्हांच्या मधोमध त्याला पुरण्यात आले.

पुढे ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले. देवाचे राज्य म्हणून दाखवलेले साम्राज्यच हादरले. तेव्हा ऑगस्टीनने ‘देवाची नगरी’ या ग्रंथात देवाचे राज्य आणि रोम यांची सांगड सोडवली. प्रकटीकरणातील हजार वर्षे म्हणजे कोणा सम्राटाची राजवट नव्हे, तर ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून चालू असलेला चर्चचा काळ, असा अर्थ त्याने लावला. पश्चिम युरोपात पुढची कित्येक शतके हाच अर्थ प्रमाण मानला गेला.